सुटला म्हणायचं नाही

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. झुरळाला भिते, अंधाऱ्या जिन्याला भिते, दारावरची घंटा लागोपाठ दोनदा वाजली तरी भिते. पण ही सगळी किरकोळ भीती. ठोक भावाची भीती मला एकाच ठिकाणी वाटते, ती आमच्या लेथच्या बटणापाशी.

बटण भिंतीवर आहे आणि लेथ खोलीच्या मधोमध. लेथवर उभ्या असलेल्या माणसाचा हात बटणापर्यंत पोचत नाही, म्हणून तिथे दुसरं माणूस लागतं. ते दुसरं माणूस म्हणजे मी. डाव्या हाताचं बोट बटणावर, उजव्या हातात लाकडी दांडी. खूण मिळाली की बटण बंद करायचं आणि त्याच क्षणी दांडी खाली ओढायची, म्हणजे ती पट्ट्यावर घट्ट बसते आणि फिरतं लाकूड जागच्या जागी थांबतं. नुसतं बटण बंद केलं तर ते आपल्या मर्जीने रेंगाळत थांबतं, आणि तेवढ्यात व्हायचं ते होऊन जातं. शेजारीण म्हणते, "तुला काय, नुसतं उभं तर राहायचं." हो बाई, नुसतंच उभं राहायचं. तू ये की एकदा नुसती उभी राहायला.

आमच्याकडे गोळ्यात गोळा करतात. एकाच लाकडातून. बाहेरच्या गोळ्याच्या भोकांतून आतला गोळा दिसतो, त्याच्या भोकांतून त्याच्या आतला, आणि बोटाने ढकलला तर प्रत्येक जण आपापला वेगळा फिरतो. लोकांना वाटतं, दोन वाट्या करून, मध्ये लहान गोळा ठेवून वरून डिंक लावला असेल. असं बोलून दाखवणाऱ्या माणसाशी माझे हे दिवसभर अबोला धरायचे.

हे कातारी होते, यांचे वडीलही कातारी. आधी एक भरीव गोळा कातायचा. मग त्याला चहूबाजूंनी बारा भोकं पाडायची, वर रुंद, आत निमुळती, सगळी बरोबर मध्यावर रोखलेली. मग एकेका भोकातून आकडा आत घालायचा. आकडा म्हणजे लांब दांड्याची, टोकाशी वाकवलेली पटाशी. ती आतल्या आत आडवी कापत जाते. या भोकातून थोडं, त्या भोकातून थोडं, आणि शेवटच्या भोकातून कापताना सगळ्या चिरा एकमेकींना मिळून आतला गोळा बाहेरच्यापासून वेगळा होतो. सगळ्यात आतला आधी, मग त्याच्या बाहेरचा, असं करत वर यायचं. कापून झालेल्या भोकांत लाकडी खुंट्या ठोकून ठेवायच्या, म्हणजे वेगळा झालेला गोळा आत डगमगत नाही.

आत काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही. कातारी हाताने आणि कानाने बघतो. गोळा धरून असतो तोवर आकड्याचा आवाज जाड येतो, वेगळा झाला की पोकळ. तेवढा क्षण सांभाळायचा. लेथ आधीच थांबवली तर पातं अर्ध्या चिरेत अडकतं, पातळ कड उडते आणि कित्येक दिवसांची मेहनत पाण्यात जाते. उशिरा थांबवली तर आतला गोळा सरकतो, आकडा दोन गोळ्यांच्या चिमटीत सापडतो आणि फिरतं लाकूड त्याला पिळतं. आकड्याबरोबर तो धरणाऱ्याचं मनगटही पिळलं जातं.

यांचं गेलं होतं तसंच. तेव्हा बटणावर माझे धाकटे दीर होते. भाऊजी विनोद सांगत होते. विनोद लांबलचक होता आणि क्षण लहान. यांचं उजवं मनगट कायमचं वाकडं राहिलं. नंतर जेवताना हे घास तोंडाकडे नेण्याऐवजी तोंड घासाकडे न्यायचे, आणि कुणी बघतंय असं वाटलं की उगाच ताटात काहीतरी शोधल्यासारखं करायचे. भाऊजी त्या दिवसापासून लेथ चालू असताना खोलीत पाऊल टाकत नाहीत. दाराबाहेर स्टूल टाकून, पाठ करून बसतात. बटण माझ्या गळ्यात पडलं ते असं.

खूण म्हणजे एक शब्द होता, माझ्या सासऱ्यांच्या काळापासून चालत आलेला. आवाज पोकळ झाला की कातारी ओरडायचा, "सुटला!" गोळा सुटला. हे म्हणायचे तेव्हा 'सुट'वर जोर आणि 'ला' लांबवर गेलेला. मला तो शब्द फार आवडायचा. सकाळपासून माझ्या पोटात गोळा आलेला असायचा, तोही त्याच वेळी नाहीसा व्हायचा. हे हसून म्हणायचे, "दोन गोळे एकदम सुटतात, एक माझा आणि एक तुझा."

मग हे आजारी पडले. लेथने नाही, लेथवर उडणाऱ्या बारीक भुशाने. जन्मभर तो श्वासाबरोबर आत जात राहिला होता. शेवटी शेवटी यांचा श्वास स्वयंपाकघरातही ऐकू यायचा. मी भांडी घासता घासता त्याच्यावर कान ठेवून असायची, आता जाड येतोय की पोकळ. एका सकाळी आवाज थांबला. मी पाण्याचा नळ बंद केला आणि पुन्हा ऐकलं, आणि मग आत जायला मला फार वेळ लागला.

भेटायला जो आला तो दारातच म्हणाला, "सुटला बिचारा." यांची आत्या म्हणाली, डॉक्टर म्हणाला, ज्यांना यांचं नाव धड ठाऊक नव्हतं तेही म्हणाले. त्यांचं काही चुकलं नाही. फार हाल झालेल्या माणसाला आपण तसंच म्हणतो. पण मला यांना सोडायचं नव्हतं. वाकडं मनगट, धाप, रात्रीची जागरणं, सगळं चाललं असतं मला. आणि तो शब्द आमचा होता, आमच्या कामाचा, दिवसभरात सगळ्यात आनंदाचा. लोकांनी तो दारातून उचलून नेला आणि मढ्याबरोबर पाठवून दिला. मी त्याच दिवशी बजावलं की या घरात हा शब्द पुन्हा तोंडातून काढायचा नाही.

तुम्ही म्हणाल, एका शब्दाचं ते काय एवढं. टाळून बघा. बस सुटते, वारा सुटतो, वास सुटतो, गाठ सुटते, कोडं सुटतं, तोंडाला पाणी सुटतं. माझ्या लेकीने पहिल्याच आठवड्यात मला धारेवर धरलं. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, चालायला लागली तीच गोल गोल म्हणून.

"आई, रविवारी दुकान बंद असतं, त्याला काय म्हणू?"

"रविवार म्हण."

"आणि काकांचं पोट?"

"वाढलंय म्हण."

"वाढलेलं नाहीये गं ते, ते तर चांगलं—"

"भिंगरे!"

भाऊजी पोटावरून हात फिरवत म्हणाले, "वहिनी, माझ्या पोटाला तरी सवलत द्या. त्याने तुमचं काय घोडं मारलंय?"

मी नाही दिली. हळूहळू सगळ्यांच्या जिभेला वळण लागलं. बस निघायला लागली, वारा यायला लागला, आणि लेथवर जुनी चादर पडली. माझं बरं चाललं होतं. म्हणजे रडत होते, पण पोटात गोळा येत नव्हता.

भिंगरी चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. चांगलं स्वच्छ, बसून करायचं काम. एक दिवस ती दुपारीच घरी आली, पर्स खुंटीला अडकवली आणि लेथवरची चादर ओढून काढली. म्हणाली, दुकान सोडलं.

"बाबांचे आकडे गंजतायत," ती म्हणाली.

"गंजू देत."

"मला येतं हे, आई. लहानपणापासून बघितलंय."

"मीही बघितलंय. म्हणूनच नको म्हणते."

"हात आहेत ना मला?"

"दोनच आहेत!" मी ओरडले.

माझ्या ओरडण्याला भीक घालेल तर ती यांची लेक कसली. तिने खिडकीत मोठा पंखा बसवला, तोंडाला जाड मास्क बांधला, त्यामुळे भुशाचं मला बोलता येईना. मग राहिलं मनगट. मी म्हटलं, बटण पायाशी आण, मला मोकळी कर. तिने करूनही बघितलं. पण पाय उचलला की कंबर हलते, कंबर हलली की हात हलतो, आणि आत गेलेल्या आकड्याला तेवढं हलणं पुरतं. तिने ते पायाचं बटण काढून माळ्यावर टाकलं आणि माझ्याकडे बघितलं. दुसरं होतं कोण? भाऊजी दाराबाहेर पाठ करून बसले होते.

भिंगरी गोल मनगटाची आहे. जन्मली तेव्हा नर्सने पहिल्यांदा तेच सांगितलं होतं, मुलगी अशक्त आहे पण मनगटं बघा कशी आहेत. मी बटणावर बोट ठेवून उभी राहते तेव्हा तिचं तोंड बघत नाही, आकडा बघत नाही. उजवं मनगट बघते.

आता खुणेला शब्द हवा होता. भिंगरीने जुन्याचं नाव काढलं नाही, एवढं तिला कळतं. ती म्हणाली, "थांब म्हणेन." पहिल्याच दिवशी ती "थांब!" म्हणाली आणि मी थांबले. म्हणजे हातच थांबवले, मला वाटलं अजून बंद करू नको म्हणतेय. नशीब, तो नुसता सरावाचा ओंडका होता. मग "बस" करून बघितलं. ती म्हणाली "बस," आणि भाऊजी दाराबाहेरून म्हणाले, "बसलोच आहे." तिला हसू आलं, आणि आकडा हातात असताना हसू येऊ नये, म्हणून तोही शब्द बाद झाला. शेवटी ठरलं "झालं". काम झालं की झालं म्हणायचं. सरळ, साधा शब्द.

साधा शब्द म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. दिवसातून शंभर वेळा आपण झालं म्हणतो. भात झाला की झालं, बोलून झालं की झालं, आणि काही बिघडलं की तर पहिलं झालं!

तीन गोळ्यांचं एक काम चाललं होतं. ती शेवटच्या भोकापाशी होती आणि माझं बोट बटणावर घामाने घसरत होतं. तेवढ्यात आकडा टेकवायच्या पट्टीवर, टेकणावर, ठेवलेली पेन्सिल गडगडत खाली गेली.

"झालं!" भिंगरी म्हणाली.

मी बटण दाबलं, दांडी ओढली. आतून टक् असा आवाज आला. भिंगरीने आकडा हळूच बाहेर काढला, मास्क खाली केला आणि गोळा उजेडात धरला. मधल्या गोळ्याची कड नखाएवढी उडाली होती.

"पेन्सिल पडली म्हणून म्हणाले गं मी!"

"मला काय ठाऊक! झालं म्हणालीस, केलं बंद."

"आवाज तरी ऐकायचास. जाड होता अजून."

"मला तुझ्या मनगटापुढे आवाज ऐकू येत नाही," मी म्हणाले, आणि ते अगदी खरं होतं.

ती गोळा हातात फिरवत बसली. मग खाली मान घालून म्हणाली, "आई, जुना शब्द दे ना मला. त्याची दुसऱ्या कशाशी गफलत होत नाही. या घरात तर आता मुळीच होणार नाही, तूच सगळीकडून काढून टाकलायस."

"तो सोडून काहीही माग."

"बाबाच म्हणायचे ना तो?"

"बाबांचाच घेतला लोकांनी," मी म्हणाले. "विषय संपला."

तिने पुन्हा विचारलं नाही. मी शपथ घेतल्यासारखं सांगितलं की यापुढे खरं झालं कुठलं आणि वैतागाचं कुठलं ते मी नीट ओळखेन, आणि वैतागाच्या झालंवर काही केल्या बटण दाबणार नाही. ती स्वयंपाकघरात येता-जाता माझी परीक्षा घ्यायची. पाठीमागून वेगवेगळ्या सुरांत झालं म्हणायची आणि मी ओट्यावर बोट दाबायचं की नाही ते ठरवायचं. मला बरंच जमायला लागलं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, या वयात तुम्ही पहिल्या नंबरने पास होणार." मलाही तसं वाटायला लागलं होतं, हीच तर गंमत.

यांनी एक ठोकळा बाजूला ठेवलेला होता. घट्ट, बारीक रेषांचा, कपाटाच्या मागे वर्षानुवर्षं वाळत पडलेला. कुठल्या कामासाठी ते यांनी सांगितलं नव्हतं, पण आकार बघूनच कळायचं. भिंगरीने तो बाहेर काढला.

"पाच गोळे," ती म्हणाली.

"तीन कर."

"भाजी आणायला आलीयेस का, घासाघीस करायला?"

"चार तरी कर मग."

"पाच," भिंगरी म्हणाली, आणि मला पुढचे कित्येक दिवस अन्न गोड लागलं नाही.

आतले तीन फेरे नीट गेले. प्रत्येक वेळी ती "झालं" म्हणायची, शांत, लांबट, शंकेला जागा नाही असं. मी बंद करायची, ती खुंट्या ठोकायची, आणि मी पाणी प्यायला जायची, कारण जीभ टाळ्याला चिकटलेली असायची. राहिला शेवटचा फेरा, सगळ्यात बाहेरचा. तो दिसायला सोपा, आकडाही आखूड लागतो. पण तिथे आतले चारही गोळे एकगठ्ठा सुटे होतात, आणि त्यांचं सगळं वजन त्या खुंट्यांवर येतं. यांचं मनगट बाहेरच्याच फेऱ्याला गेलं होतं.

त्या दुपारी ऊन भिंतीवर बटणाच्या जरा खाली आलं होतं. भाऊजी दाराबाहेर पाठ करून बसले होते, विनोद नाही, काही नाही. भिंगरीने शेवटचं भोक समोर घेतलं, आकडा टेकणावर ठेवला आणि मान हलवली. मी लेथ चालू केली.

मी भिंतीला खांदा लावला. आकडा आत गेला आणि जाड आवाज सुरू झाला. मी मनगट बघत होते. तिच्या बाहीवर भुसा साचत होता, बाहीची एक शिवण उसवलेली दिसत होती, आणि मला वेड्यासारखं वाटत होतं, काल शिवून द्यायला हवी होती. आवाज जाडच होता. मग थोडा कमी जाड. मला नक्की सांगता येईना. मी मनात म्हटलं, लवकर, लवकर, मग म्हटलं, नको, घाई नको.

ठप्.

काहीतरी माझ्या डोक्याशेजारी भिंतीवर आपटलं आणि जमिनीवर उडालं. खुंटी होती. एक खुंटी निसटली होती.

"झालं," भिंगरी म्हणाली.

बारीक आवाजात. मास्कच्या आतून. शांत नाही, लांबट नाही, वैतागाचंही नाही. असं झालं तिने परीक्षेत कधी म्हटलंच नव्हतं. हे कुठलं? खुंटी पडली म्हणून म्हणतेय, पेन्सिल पडली होती तशी? मला ती उडालेली कड दिसली, यांचा ठोकळा दिसला, तिने उजेडात धरलेला तो गोळा दिसला. वैतागाच्या झालंवर दाबायचं नाही, मी कबूल केलं होतं. माझं बोट बटणावर होतं आणि ते दाबलं जात नव्हतं. एवढी भीती मी जन्मात कधी अनुभवली नाही. भित्रं माणूस निदान पळतं तरी. मला तेही जमेना.

आकड्याचा दांडा तिच्या मुठीत वळायला लागला. मी तो वळताना बघितला. मनगट त्याच्याबरोबर वळलं, मग कोपर आपोआप वर उचललं गेलं. तिला सोडता येत नव्हतं, सोडला असता तर आकडा उसळून तोंडावर आला असता. तिने दुसऱ्या हाताने तो दाबून धरला, खांदा लावला, आणि तरी तो वळतच होता.

"सुटला!" भिंगरी किंचाळली. "आई, सुटला!"

मी काही केलं नाही. हातांनी केलं. कानावर शब्द पडला आणि डावं बोट आत गेलं, उजव्या हाताने दांडी खाली आली, पट्टा चरचरला आणि सगळं थांबलं. 'सुट'वर जोर होता आणि 'ला' लांबवर गेला होता. इतकी वर्षं हात त्याच शब्दाची वाट बघत उभे असावेत.

खोलीत काही वाजत नव्हतं. भुसा हळूहळू खाली बसत होता.

मी तिच्यापर्यंत कशी पोचले ते आठवत नाही. तिची बोटं आकड्यावरून एकेक करून सोडवली. मनगट लालबुंद झालं होतं आणि बघता बघता सुजत होतं.

"बोटं हलव."

"आई, दुखतंय."

"हलव म्हणते ना!"

तिने हलवली. अंगठा हलला, बाकीची चारही हलली. मी मनगट दोन्ही हातांत धरलं, उलटं केलं, सुलटं केलं. सरळ होतं. सुजलेलं, पण सरळ. मग मी तिला मारलं. खांद्यावर, जोरात, भुसा उडाला. आणि मग रडायला लागले, तेही मोठ्याने, लाज सोडून. ती म्हणाली, "अगं, मारलंस तू आणि रडतेसही तूच?" आणि मास्क काढून तीही रडली.

तेवढ्यात दाराकडून आवाज आला.

"कोण?"

भाऊजी होते. स्टूल सोडून उभे राहिले होते, पण वळले नव्हते. पाठ आमच्याकडे, एका हाताने दाराची चौकट धरलेली. त्यांच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती.

"वहिनी," ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "कोण सुटलं?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाठ करून बसलेल्या माणसाला ऐकू आलं ते एवढंच: मुलगी किंचाळली, तो शब्द आला, लेथ बंद पडली, आणि मग कुणीतरी रडतंय. मी तो शब्द घरातून सगळीकडून हद्दपार केला होता आणि त्याचा एकच अर्थ, मरणाचा, तेवढा मागे ठेवला होता. तो माणूस आता वळूनही बघू शकत नव्हता.

रडणं आवरायच्या आधीच मी बोलायला गेले. "गोळा," मी म्हणाले. ते त्यांना ऐकू गेलं नाही. मग मी भिंगरीचा हात सोडला, दारापर्यंत गेले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"गोळा सुटला, भाऊजी," मी म्हणाले. "गोळा. भिंगरी ठीक आहे. हात सरळ आहे तिचा. नुसता गोळा सुटला."

ते चौकटीला धरून खाली बसले. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग वळले, आणि लेथच्या खोलीत आले. थेट भिंगरीपाशी गेले, तिचं मनगट हातात घेतलं आणि कितीतरी वेळ अंगठा त्याच्यावर नुसता फिरवत राहिले, सरळ आहे ना ते बघत.

भिंगरीने डाव्या हाताने गोळा त्याला लेथवर धरून ठेवणाऱ्या वाटीतून काढला. राहिलेल्या खुंट्या एकेक करून उपटल्या, कानापाशी नेऊन हलवला. आत चारही जण खडखडले. बाहेरच्या गोळ्याच्या एका भोकाशी आकड्याचा खोल ओरखडा होता. तो तिने घासून काढला नाही, अजूनही तसाच आहे.

मी मनगटाला ओलं फडकं गुंडाळत होते. भाऊजी तिथेच भुशात बसले होते, इतक्या वर्षांनी, आणि लेथकडे तिरक्या नजरेने बघत होते, ती चावेल की काय अशा.

"आई," भिंगरी म्हणाली, "पुढच्या वेळी शब्द कुठला?"

पुढच्या वेळी! मनगट अजून फडक्यात होतं आणि बाई पुढच्या वेळेचं बोलत होत्या. माझ्या पोटात पुन्हा तोच गोळा आला. तो काही जाणार नाही, ती लेथवर उभी आहे तोवर तो माझाच आहे.

"तोच," मी म्हणाले आणि गाठ मारली. "आणि पहिल्यांदाच म्हण. मी घाबरेन म्हणून वाट बघत बसू नकोस. मी तशीही घाबरतेच."